झरोक्याला मारलेली जाळी

आमच्या शेजारचं घर वर्षातले पाच-सहा महिने बंद असतं. दिवाळी आटोपली की शेजारी आणि त्याची बायको ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, गोधड्या आणि दोन-चार कोंबड्या टाकून ऊसतोडीला निघतात. पाथर्डी तालुक्याच्या आमच्या भागातली निम्मी घरं त्या दिवसांत अशीच कुलपात असतात. जाताना चावी कुणा ना कुणाकडे दिली जाते. शेजाऱ्यांची चावी माझ्याकडे असते. त्यांचं जोतं आणि माझा बांध एकमेकाला लागून आहेत, एवढंच त्याचं कारण.

चावी ठेवण्याची आमच्याकडे एक रीत आहे. चावी ज्याच्याकडे असेल त्याने एकट्याने कुलूप उघडायचं नाही. सोबत दुसरं माणूस लागतं, मग ते कुणीही असो. पूर्वी कधी तरी कुणाच्या घरातली एखादी वस्तू हलली असेल, संशय आला असेल, त्यातून हे आलं असावं. मी ती रीत फार कसोशीने पाळत आलो. लोक मला भला माणूस समजतात आणि मलाही ते आवडतं. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या या भलेपणाचा मोठा हात आहे.

यंदा शिमग्याच्या थोडं आधी शेजाऱ्याचा फोन आला. मागे ट्रॅक्टरचा आवाज होता, म्हणून तो ओरडून बोलत होता.

"दादा, आमी लवकर येतोय. पोरगी बाळंतपनाला येनार हाय. पहिलंच हाय तिचं."

"या की. चांगलं आहे."

मग त्याच्या बायकोने फोन घेतला. "दादा, तेवडी घरातली वाघळं काडा बरं का. मागल्या साली आलो तर लेंड्यांनी भांडी भरल्याली. वास तर इचारू नका. लेकरू जन्माला यायचंय त्या घरात."

"काळजी करू नका वहिनी. तुम्ही यायच्या आत घर स्वच्छ असेल."

वटवाघळं त्या घरात आहेत हे मला ठाऊक होतं. घर जुनं, दगडी भिंतींचं. वर मातीचं माळवद, खाली लाकडी तुळया. मागच्या भिंतीत, अगदी वरच्या अंगाला, एक झरोका आहे. दिवस मावळला की त्या झरोक्यातून ती लहान, अंगठ्याएवढी वटवाघळं एकामागून एक बाहेर पडायची. मी मोसंबीला पाणी देताना पाहायचो. बरं वाटायचं पाहायला. पण बाळंतिणीच्या घरात ती नकोत, हे मलाही पटत होतं.

पारावर विषय काढला तर एकाने लगेच उपाय सांगितला. "मिरच्यांचा धूर करा. खालून शेगडी, वर मिरच्या. टपाटपा पडतील."

मला ते क्रूर वाटलं. तसं मी बोलूनही दाखवलं. तो हसला. "दादा, तुमी त्यांना नोटीस काडा मग. पंधरा दिवसांत जागा खाली करा म्हनून."

दुसऱ्या दिवशी खतं आणायला शेवगावला गेलो होतो. तिथे हार्डवेअरच्या दुकानात बारीक तारेची जाळी मागितली. दुकानदार ओळखीचा.

"डासांसाठी का?"

"वटवाघळांसाठी. झरोक्याला लावायची आहे."

"मग ती सगळी भाईर गेली की लावा. आत कोंडू नका, मरून घाण होईल. संध्याकाळी जातात ना खायला? गेली की ठोका जाळी. सकाळी येतील, बघतील, दुसरं घर शोधतील. त्यांना काय, डिपॉझिट थोडंच द्यायचंय!"

मला हे फार पटलं. धूर नाही, मारणं नाही. बाहेर गेलेल्यांना फक्त परत येऊ द्यायचं नाही. घरी येताना मोटारसायकलवर मी स्वतःवर खूश होतो.

माझी बायको तेव्हा राजूरला तिच्या भावाकडे गेली होती. भावाने नवीन घर बांधलं होतं, त्याची वास्तुशांत होती. म्हणजे कुलूप उघडायचं तर मला दुसरं कुणी तरी बोलवावं लागणार होतं. हरभरा काढणीची घाई सगळ्यांनाच. एका-दोघांना विचारलं, "येतो, येतो" म्हणाले आणि आले नाहीत. मग माझ्या डोक्यात आलं, कुलूप उघडायचं कशाला? जाळी तर बाहेरून मारायची. शिडी लावली की झालं. आत जाऊन काय बघायचंय?

आत जाऊन काय बघायचंय, हे वाक्य मी तेव्हा मनाशी खरोखर म्हटलं होतं. त्याचा उच्चार अजून माझ्या कानात आहे.

संध्याकाळी मी त्यांच्या मागच्या भिंतीपाशी शिडी टेकवून बसलो. वटवाघळं बाहेर पडली. मी थांबलो. शेवटची एक-दोन उशिरा निघाली, तीही गेली. मग आणखी थोडा वेळ थांबलो, खात्री व्हावी म्हणून. वर चढलो, लाकडी चौकटीवर ताणलेली जाळी झरोक्यात बसवली आणि चारी बाजूंनी खिळे ठोकले. ठोकताना आतून काही ऐकू आलं का, हे मला पुढे माझ्या बायकोने विचारलं. हातोड्याच्या आवाजात काय ऐकू येणार?

पहाटे मी विहिरीची मोटार चालू करायला उठलो तेव्हा झरोक्याभोवती ती घिरट्या घालत होती. जाळीला येऊन चिकटायची, सुटायची, पुन्हा वळून यायची. एवढी जवळून की त्यांच्या पंखांचा वारा लागावा. मला थोडं वाईट वाटलं. सवय मोडायला वेळ लागेल, असं म्हणून मी मोटारीकडे गेलो. उजाडल्यावर तिथे काही नव्हतं. संध्याकाळी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी पहाटेही तेच. किती चिवट आहेत, असं मला वाटलं. चिवट हाच शब्द मनात आला.

त्याच दिवशी सकाळच्या एस.टी.ने बायको परतली. शेजारी दुपारपर्यंत पोहोचणार होते. आम्ही दोघं चावी, झाडू, बादली घेऊन गेलो. आता दोन माणसं होती, रीतीप्रमाणे.

कुलूप काढलं, दार ढकललं. आत अंधार आणि कुबट वास. बायको पुढे होती. ती एकदम थांबली.

"उंदीर झालेत हो."

कोपऱ्यातून बारीक आवाज येत होता. किर्र, किर्र, सुईच्या टोकासारखा. मी मोबाईलचा उजेड टाकला.

उंदीर नव्हते. जमिनीवर, भांड्यांच्या उतरंडीपाशी, चुलीच्या बाजूला पिल्लं पडली होती. शेंगदाण्याएवढी. उघडी, काळपट गुलाबी कातडी, त्यातून दिसणारी बोटांची बारीक हाडं, मिटलेले पंख. बहुतेक मेलेली होती, त्यांना मुंग्या लागल्या होत्या. काही हलत होती. दोरीवर एक गोधडी घडी करून टाकलेली होती, शेजारणीने बाळंतपणासाठी म्हणून आधीच शिवून ठेवलेली. तिच्या टाक्यांना धरून चार-दोन पिल्लं लटकली होती आणि तोंडं उघडून ओरडत होती.

मी आयुष्यात अपघात पाहिलेत, वडिलांना अग्नी दिलाय. पण त्या उजेडात मला काही क्षण ते काय आहे हेच कळेना. डोळ्यांना दिसत होतं आणि डोक्यात शिरत नव्हतं.

बायको म्हणाली, "अहो, ही पिल्लं आहेत. यांच्या आया कुठे आहेत?"

मी झरोक्याकडे पाहिलं. आतून जाळी लख्ख दिसत होती. तिच्या बाहेरच्या बाजूला एक मेलेलं वटवाघूळ अडकलं होतं, पंख पसरून.

"तुम्ही आत बघितलं नव्हतं?"

"कुलूप कसं उघडणार? तू नव्हतीस."

ती माझ्याकडे बघत राहिली. लग्नाला एवढी वर्षं झाली, त्या नजरेने तिने मला कधी पाहिलं नव्हतं.

आणि मग मी काय केलं? झाडू उचलला. मला एवढंच सुचलं, की शेजारी यायच्या आत हे सगळं बाहेर काढावं, शेणाने सारवावं आणि कुणाला काही कळू नये. बायकोने झाडू माझ्या हातातून ओढून घेतला.

"जिवंत आहेत त्यातली. दिसत नाही का?"

आम्ही असे दाराशी झाडू धरून उभे असतानाच जीप आली.

शेजारी उतरला, हसत. "काय दादा, स्वागताला झाडू?" त्याच्या मागून वहिनी उतरल्या आणि त्यांच्या आधाराने मुलगी. ती शेवगाव तालुक्यात दिली आहे, वाटेत तिला घेऊनच ते आले होते. दिवस भरत आले होते तिचे, चालताना कमरेवर हात होता. मी तिला परकरात पाहिलेली. मला ती काका म्हणते.

वहिनी आत डोकावल्या आणि तशाच मागे फिरल्या. दोन्ही हात दाराच्या चौकटीला लावून त्यांनी मुलीला अडवलं. "तू नको येऊ आत. थांब तिथंच."

"का? काय हाय?"

"काय न्हाई. पाखरं मेलीत."

शेजारी आत जाऊन आला. "वाघळाची पिल्लं हायती. टाकू भाईर, त्यात काय." तो खरंच सहज बोलत होता. रात्रभराचा प्रवास करून आलेला, त्याला टेकायचं होतं.

पण मुलगी आईच्या हाताखालून वाकून आत बघत होती. गोधडीवरची पिल्लं तिला दिसली. तिने पदर तोंडाशी नेला.

"काका, ह्यांच्या आया कुटं गेल्या?"

खोटं बोलायला जागाच नव्हती. "बाहेर आहेत. मी झरोक्याला जाळी मारली. त्या बाहेर गेल्यावर मारली. पिल्लं आहेत हे मला माहीत नव्हतं."

जीपवाला सामान उतरवायचं थांबला. शिव्या बसतील, निदान वहिनी तरी बोलतील, अशी माझी तयारी होती. पण त्या नुसत्या मुलीच्या पोटाकडे बघत होत्या. घर रिकामं करा असं आपणच सांगितलं, हे त्यांच्या मनात चाललं होतं, हे मला दिसत होतं.

मी मागे गेलो, शिडी लावली आणि पक्कड घेऊन जाळी उचकटली. वर शिडीवर उभा असताना मला आमची सगळी पांढरी माळरानं दिसली. उजेडात असं कधी त्या उंचीवरून पाहिलं नव्हतं. रस्ता रुंद झाला तेव्हा दोन्ही बाजूंच्या जुन्या चिंचा गेल्या, त्यांच्या ढोल्या गेल्या. ओढ्याकाठी एक पडकी धर्मशाळा होती, तिचे दगड लोकांनी विहिरीला नेले, त्यातले थोडे मीही नेले. डोंगरापर्यंत नुसता मुरूम. आणि त्या सगळ्या वैराणात एकच हिरवा पट्टा, माझा. वारा अडावा म्हणून मी बांधावर शेवरीची रांग लावली होती. ती बरोबर या झरोक्यापासून निघते आणि माझ्या शेततळ्यापर्यंत जाते. शेततळ्यावर केबल चोरीला जाऊ नये म्हणून मी दिवा लावलाय. त्या दिव्यावर रात्री पाखरांचे, चिलटांचे ढग असतात.

म्हणजे त्या झरोक्यात ती का आली, हे मला त्या शिडीवर कळलं. पाणी माझं, दिवा माझा, जायची-यायची वाटही माझ्याच शेवरीची. उघड्या माळावरून ती उडत नसावीत, कारण मी त्यांना कायम शेवरीच्या आडोशाने जाताना पाहिलं होतं. रोज पाहिलं होतं आणि कधी विचार केला नव्हता. दुसरं घर शोधतील, असं दुकानदार म्हणाला होता. कुठलं दुसरं घर? पलीकडच्या वस्तीवर घरं बंद होती, पण तिथे ना झाड ना पाणी. मी त्यांना जणू बोलावून आणलं आणि आत लेकरं असताना दार लावलं. पक्कड हातात धरून मी किती तरी वेळ तिथेच उभा होतो. खालून बायकोने हाक मारली तेव्हा भानावर आलो.

दरम्यान खाली वेगळाच प्रसंग उभा राहिला होता. मुलगी आमच्या ओट्यावर बसली होती आणि हट्टाला पेटली होती.

"त्यांच्या आया राती येऊन आपापली घेऊन गेल्या, तर मी हितं राहीन. न्हाई तर मला सासरी सोडा. मेलेल्या लेकरांच्या घरात मी न्हाई बाळंत व्हनार."

"येडी का तू?" शेजारी म्हणाला. "माहेरी येऊन माघारी जाती का कुनी? तुजी सासू काय म्हनंल? आमी कोयता टाकून आलो ते काय हेच्यासाठी?"

"सासू म्हनंल ते म्हनंल."

वहिनी तिच्या शेजारी बसल्या आणि खाली बघून म्हणाल्या, "तिचं बरोबर हाय." पहिलंच बाळंतपण माहेरी व्हावं यासाठी ती बाई तोड अर्धवट टाकून आली होती. एवढंच तिला या वर्षी हवं होतं. ते आता वटवाघळांवर ठरणार होतं आणि त्याला मी कारण होतो.

बायकोने मेलेली पिल्लं गोळा करून बांधाशी पुरली. जिवंत होती ती हलक्या हाताने उचलून एका तरटावर ठेवली आणि तरट तुळईला लटकवलं. संध्याकाळी आम्ही सगळे आमच्या ओट्यावर बसलो. चहा झाला, कुणी प्यायलं नाही. अंधारू लागलं तशी शेवरीकडून एक आकृती आली. झरोक्यापाशी वळली, गेली. मग दुसरी. ती आत शिरली का? मला वाटलं शिरली. शेजारी म्हणाला, "गेली, गेली आत." मग काळोख इतका झाला की झरोकाच दिसेना.

ते सगळे आमच्या घरी झोपले. उजाडायच्या आत मी एकटाच उठून त्यांच्या घरात गेलो. कुलूप नव्हतंच. तरटावर एकही पिल्लू नव्हतं. मी उजेड टाकून वर तुळयांत पाहिलं. तिथे काही नव्हतं. खाली पाहिलं. तरटाच्या थेट खाली, जमिनीवर, एक बारीक पंख पडला होता. नुसता पंख. आणि उंबऱ्यावर वस्तीवरचं मांजर बसून पंजा चाटत होतं. दार आम्ही रात्री ओढून घेतलं होतं, पण त्याला खालून फट आहे.

आयांनी नेली, की मांजराने? काही यांनी, काही त्याने? मला कळलं नाही. आजही माहीत नाही. मी तो पंख उचलून खिशात घातला.

परत आलो तर मुलगी उठून दारात उभी होती. वहिनी तिच्या मागे. दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

"काका?"

"घेऊन गेल्या," मी म्हणालो. "तरट रिकामं आहे."

"सगळी?"

"सगळी."

वहिनींनी डोळे मिटून हात जोडले. मुलीने आईच्या हातातून पिशवी घेतली आणि त्यांच्या घराकडे चालू लागली. माझ्या बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं असावं. तिने मला त्या तरटाबद्दल एका शब्दानेही विचारलेलं नाही, आणि विचारावं असं मला रोज वाटतं.

पाथर्डीच्या दवाखान्यात मुलगी बाळंत झाली. मुलगा झाला. आठवड्याभराने त्यांना घरी आणलं. झरोका शेजाऱ्याने तसाच उघडा ठेवलाय, मुलीने तसं बजावलं होतं. बाळाच्या पाळण्यावर त्यांनी जुनी साडी ताणून छत केलंय, वरून काही पडू नये म्हणून.

पण वरून काही पडत नाही. झरोक्यातून आता कुणी बाहेर येत नाही. शेततळ्यावर मात्र संध्याकाळी ती दिसतात. पूर्वीपेक्षा कमी. पाण्याला तोंड लावून झपकन वर उठतात आणि दिव्याभोवती फिरतात. दिवसा कुठे असतात, याचा मी शोध घेतला. पलीकडच्या बंद घरांच्या झरोक्यांखाली जाऊन लेंड्या पडल्यात का बघितलं. विहिरीच्या कपारी बघितल्या. शेवरी आता मी वाढवतोय, ओढ्यापर्यंत न्यायचा विचार आहे, पण तिथे टेकायला जागा काहीच नाही. धर्मशाळेचे माझ्या वाट्याचे दगड विहिरीच्या बांधकामात गेलेत, ते निघत नाहीत.

परवा संध्याकाळी मी मागच्या भिंतीपाशी उभा होतो. आतून मुलीचा आवाज आला, बाळाला पाजत असावी.

"काका, आल्या का वो त्या?"

मी वर झरोक्याकडे पाहिलं. मग शेततळ्याकडे पाहिलं.

"तळ्यावर आहेत," मी म्हणालो.

"आन् घरात?"

या वेळी मी तिला खरं सांगितलं. "नाही आल्या."

मग आत पाळण्याची दोरी कुरकुरायला लागली.